न्यूयॉर्कमध्ये कवी भेटतात कुठे, आणि तिथे कविता वाचायची तर

न्यूयॉर्कमधल्या कवीला ईमेल करून भेटीची वेळ मागितली तर बहुधा उत्तर येत नाही. पण तोच कवी संध्याकाळी सेकंड ॲव्हेन्यू आणि दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला सापडतो. तिथला ‘पोएट्री प्रोजेक्ट’ हा कवितावाचनांचा उपक्रम 1966 पासून चालू आहे. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग तिथे वर्षानुवर्षं वाचायचा. हाच गिन्सबर्ग 1962 मध्ये मुंबईत आला, तेव्हा अरुण कोलटकरांना भेटला होता. पुढे 2005 मध्ये कोलटकरांचं ‘जेजुरी’ न्यूयॉर्कच्याच प्रकाशकाने अमेरिकेत काढलं. त्यामुळे या भागात एखाद्या कवीशी बोलताना कोलटकरांचं नाव काढून पाहा, गप्पा पुढे सरकायला त्याची मदत होते.

नव्याने आलेल्यांनी निवडावा असा दिवस म्हणजे 1 जानेवारी. 1974 पासून पोएट्री प्रोजेक्ट नववर्षाच्या दिवशी वाचनाची मॅरेथॉन भरवतं. शंभराहून जास्त कवी असतात आणि प्रत्येकाला मोजकीच मिनिटं मिळतात. तिकीट काढावं लागतं. सगळं ऐकायचा हट्ट धरू नका, कान थकतात. तासभर ऐकावं, मग पुस्तकांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं. वाचून मोकळे झालेले कवी तिथेच रेंगाळतात, आणि थंडीत बाहेर पडायची कुणालाच घाई नसते.

स्वतः वाचायचं असेल तर ओपन माइक, म्हणजे नाव नोंदवून कुणीही वाचावं असा कार्यक्रम. आपल्या कविसंमेलनात निवेदक परिचय करून देतो, इथे यजमान नुसतं नाव पुकारतो. नावनोंदणीचा कागद साधारण अर्धा तास आधी टेबलावर येतो आणि पंधरा-वीस नावं झाली की बंद होतो. काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवतात. सुरुवातीच्या वेळेला पोहोचलात तर नुसतं ऐकून परत यावं लागेल. पाच-दहा डॉलर सुटे जवळ ठेवा, कारण प्रवेशाचे पैसे पुष्कळदा रोखच मागतात. बारमधल्या कार्यक्रमात पेय विकत घेणं हेच जागेचं भाडं समजायचं, प्रत्येक पेयामागे एक-दोन डॉलर टिप ठेवायची. ओळखपत्र विसरू नका. एकवीस वर्षं पूर्ण नसतील तर दारातच अडवतात.

वेळ तीन ते पाच मिनिटं. मराठी कवींची गाडी अडते ती इथेच, कारण मूळ कविता आणि अनुवाद दोन्ही वाचायचे असतात. तीन मिनिटांत दोन्ही बसवायचे तर मराठी कविता बारा-चौदा ओळींपेक्षा मोठी नको. आधी मराठी, सलग, अर्थ न सांगता, मिनिटभर. मग इंग्रजी. एक ओळ मराठी आणि एक ओळ इंग्रजी असं आलटून-पालटून वाचलं की दोन्हींची लय मोडते. तुकोबांचा एखादा चार कडव्यांचा अभंग यासाठी उत्तम. भाषा न कळणाऱ्यालाही यमक आणि शेवटचं ‘तुका म्हणे’ ऐकू येतं. दिलीप चित्र्यांचा इंग्रजी अनुवाद वाचणार असाल तर त्यांचं नाव आवर्जून घ्या. अनुवादकाचं नाव गाळणं इथे उद्धटपणा मानतात.

प्रास्ताविक दोन वाक्यांत आटपा. मराठी कुठे बोलतात, किती कोटी लोक बोलतात, हे सांगण्यात अर्धी वेळ जाते आणि कविता घाईत उरकावी लागते. माइक तोंडापासून चार बोटं दूर आणि किंचित तिरका असावा. आपल्या फ, भ, ख यांतली हवा सरळ माइकवर आदळली की स्पीकरमधून धप्प आवाज येतो. स्टँडची उंची बोलायच्या आधीच बसवून घ्या. कविता फोनवरून वाचू नका, पडदा मधेच काळा होतो. मोठ्या टायपात छापलेला एकच कागद बरा. मधेच चुटक्या ऐकू आल्या तर थांबू नका, ती दाद असते. ‘वन्स मोअर’ची पद्धत नाही.

स्लॅम, म्हणजे कवितावाचनाची स्पर्धा, हा प्रकार वेगळा. तो शिकागोत मार्क स्मिथ यांनी 1980 च्या दशकात सुरू केला आणि न्यूयॉर्कमध्ये ‘न्यूयोरिकन पोएट्स कॅफे’ने गाजवला. 1973 मध्ये पोर्तो रिकन कवींनी मिगेल अल्गारीन यांच्या घरच्या बैठकीत सुरू केलेली ही संस्था. स्पॅनिश आणि इंग्रजी एकाच ओळीत मिसळणं हा तिचा प्राणच, म्हणून परक्या भाषेचा शब्द आला की इथला श्रोता कान टवकारतो. इमारतीचं मोठं नूतनीकरण काढलेलं आहे, तेव्हा निघण्याआधी जागा तपासून घ्या.

स्लॅममध्ये प्रेक्षकांतूनच पाच परीक्षक निवडतात. ते शून्य ते दहा गुण देतात, दशांशासह. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढून उरलेल्या तिघांची बेरीज, म्हणजे कमाल तीस. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यापुढच्या दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात. वाद्य, वेशभूषा, हातातली वस्तू चालत नाही. रात्र चढते तसे परीक्षक सैल होतात आणि गुण वाढत जातात, म्हणून पहिलं नाव निघणं तोट्याचं. त्यावर उतारा म्हणून स्पर्धेबाहेरचा एक कवी सुरुवातीला वाचतो, परीक्षकांचा हात बसावा यासाठी. मराठी कविता स्लॅममध्ये नेऊ नका. अनुवादाला वेळच उरत नाही आणि परीक्षकाला अर्धीच कविता मिळते.

मोठी नावं ऐकायची तर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरचं ‘नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय’ हे सांस्कृतिक केंद्र. तिथलं कविता केंद्र 1939 पासूनचं आहे. अशा वाचनानंतर स्वाक्षरीची रांग लागली की तुमचं नाव स्पष्ट रोमन अक्षरांत चिठ्ठीवर लिहून ती शीर्षकाच्या पानाला चिकटवा. ‘ज्ञानेश्वर’चं स्पेलिंग तिथे उभ्याउभ्या सांगायला वेळ नसतो. तुमच्या वाट्याला येतं अर्धं मिनिट. ‘मला तुमच्या कविता आवडतात’ यात ते घालवू नका. एका विशिष्ट कवितेतल्या एका ओळीबद्दल विचारा, आणि लेखक हमखास मान वर करून बघेल. हस्तलिखित मात्र हातात देऊ नका, बहुतेक लेखक ते घेत नाहीत.

द्यायचंच असेल तर चॅपबुक द्या. वीस-तीस पानांची, मधे स्टेपल मारलेली पुस्तिका, आपल्याकडच्या अनियतकालिकांची धाकटी बहीणच. ए-फोर कागद मधोमध दुमडला की एका कागदाची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. समोरासमोरच्या पानांवर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. आधी समोरच्याचं विकत घ्यायचं, मग आपलं पुढे करायचं. शेवटच्या पानावर ईमेल लिहून ठेवा. उत्तर आलंच तर ते त्या पत्त्यावर येतं.