तुम्ही विचारलंत म्हणून: दाराचा सेन्सर मधेच का मरतो

"दाराला वायरलेस सेन्सर लावलाय, सुरुवातीला मस्त चालला, आता दार सताड उघडं असलं तरी मोबाइलवर बंदच दाखवतो. कुठला चांगला सेन्सर घेऊ?" घरात थोडंफार ऑटोमेशन करून बसलेल्या माणसाला हा प्रश्न लग्नातसुद्धा विचारतात. माझं उत्तर असं की नवीन घेऊच नका, बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, आपलं घर त्याला चालू देत नसतं.

मी इथे झिगबीवाल्या सेन्सरबद्दल बोलतोय (झिगबी म्हणजे घरातल्या छोट्या उपकरणांचा आपसात बोलायचा, कमी बॅटरी खाणारा रेडिओ, वायफाय नव्हे), कारण विचारणाऱ्या दहातल्या आठांकडे तेच असतात. आत बटणासारखा सेल, एक डबी चौकटीवर, चुंबक दारावर. सेल वर्ष-दोन वर्षं पुरावा म्हणून हा सेन्सर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो, दार हललं की उठतो, एक मेसेज टाकतो, परत झोपतो. आता गंमत बघा, दार बंद आहे तेव्हाही तो गप्प आणि मेला तरी गप्प. तुमच्या ॲपला दोन्ही सारखंच दिसतं, शेवटचं जे ऐकलं ते "बंद", तेच दाखवत राहतं. म्हणून "सेन्सर खोटं दाखवतो" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, तो शेवटचा बोलला कधी? झिगबी२एमक्यूटीटी म्हणजे झिगबी उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यात "लास्ट सीन" म्हणून रकाना असतो (बंद असला तर सेटिंगमधून चालू करा), तो बघा. दार न हलवताही बरेचसे सेन्सर तासाभराने, काही चार-सहा तासांनी का होईना, हजेरी लावतात. काल दुपारनंतर काहीच नसेल तर प्रश्न दाराचा नाही, नेटवर्कचा आहे.

आणि नेटवर्कचा म्हणजे आपल्याकडे नव्वद टक्के वेळा भिंतीवरच्या बटणाचा. (टक्के माझ्या मनातले, मोजलेले नाहीत.) झिगबीत सेलवरची उपकरणं एकमेकांचे मेसेज पुढे नेत नाहीत, ते काम लाइटवर चालणारे स्मार्ट प्लग, बल्ब वगैरे करतात. त्यांना राउटर म्हणतात पण वायफायच्या राउटरशी घोळ नको म्हणून मी रिपीटर म्हणतो. तुमच्या मेन दाराचा सेन्सर हॉलमधल्या स्मार्ट प्लगमार्फत हबशी, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरशी, बोलत असतो. आता आपल्याकडे प्रत्येक प्लग पॉइंटला शेजारी बटण असतं, आणि रात्री झोपताना घरभर फिरून सगळी बटणं बंद करणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच, आमच्याकडे आई आहे, आणि तिला "हे बंद करू नकोस, यावर दाराचा सेन्सर चालतो" हे सांगितलं की ती म्हणते दार तिकडे, प्लग इकडे, काहीतरी सांगू नकोस. बल्बचं पण तेच, स्मार्ट बल्ब लावायचा आणि भिंतीवरच्या बटणाने विझवायचा, की रिपीटर गेला.

रिपीटर गेला की शहाणा सेन्सर दुसरा शोधतो. स्टँडर्डप्रमाणे सगळ्यांनीच शोधायला हवा, पण सेल वाचवण्याच्या नादात काही सेन्सर शोधतच नाहीत, बंद पडलेल्या गाडीची वाट बघत एसटी स्टँडवर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखे तिथेच चिकटून राहतात. मग तुम्ही काय करता, सेल बदलता. सेल बदलला की सेन्सर नव्याने सुरू होतो, नव्याने रिपीटर शोधतो, आणि चालायला लागतो! तुम्ही म्हणता बघा सेलच खराब होता. पुढच्या आठवड्यात परत तेच. सेल काढून तोच परत घातला असता तरी चाललं असतं, करून बघा एकदा.

टक्केवारीवर तर जाऊच नका. हे लिथियमचे बटण-सेल आयुष्यभर 3 व्होल्टच्या आसपास राहतात आणि शेवटी एकदम झोपतात, आणि टक्के काढतात ते व्होल्टेजवरून, त्यामुळे आज 100 आणि परवा मेला हे होणारच. बाजारात जुना पडून राहिलेला सेल मिळाला तर तो मल्टिमीटरवर नवा दिसतो पण मेसेज पाठवताना करंटचा झटका लागतो तेव्हा बसतो.

लाइट जाण्याची गोष्ट वेगळी सांगतो. एका मित्राचे सेन्सर दर गुरुवारी संध्याकाळी मेलेले असायचे. बुधवारी छान. आम्ही लॉग काढला तर सगळे सकाळी दहा-साडेदहाच्या पुढे गप्प, आणि गुरुवारी त्यांच्याकडे मेन्टेनन्ससाठी लाइट जाते. हब इन्व्हर्टरवर, वायफाय इन्व्हर्टरवर, त्यामुळे मोबाइलवर सगळं जिवंत दिसायचं, पण रिपीटरचं काम करणारे तिन्ही प्लग मेन लाइनवर. गीझरचा, वॉशिंग मशीनचा, एसीचा. इन्व्हर्टरच्या लाइनवर जुन्या मोबाइल चार्जरमध्ये एक यूएसबीवर चालणारा रिपीटर खोचला, त्या बटणावर टेप लावली, सेन्सर पुन्हा त्याच्यामार्फत जोडले, विषय संपला. वायरमनकडून स्विचबोर्डच्या आत झिगबीचं स्मार्ट स्विच मॉड्यूल बसवून घेतलं तर आणखी चांगलं, म्हणजे बटण दाबलं तरी मॉड्यूलला सप्लाय राहतो. पण घेताना न्यूट्रल (परतीची तार) लागणारं घ्या, विना-न्यूट्रलवाली बरीचशी मॉड्यूल रिपीटरचं काम करत नाहीत. आपल्या बोर्डात प्लग पॉइंट असला की न्यूट्रल सापडतोच, त्यामुळे अडचण येत नाही शक्यतो.

मग रेडिओ. झिगबी आणि वायफाय दोघं 2.4 गिगाहर्ट्झमध्ये राहतात. झिगबीचे चॅनल 11 ते 26, वायफायचे वापरात असतात ते 1, 6 आणि 11, आणि दोघांच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, झिगबीचा 11 हा वायफायच्या 1 च्या पोटात येतो. सोसायटीत वीस वायफाय दिसत असतील तर झिगबी 25 वर ठेवा (2475 मेगाहर्ट्झ, वायफायच्या 11 च्या थोडा वर) आणि स्वतःचं वायफाय ऑटोवर न ठेवता 1 किंवा 6 वर, 20 मेगाहर्ट्झ रुंदीवर पक्कं करून टाका. 26 वर जाऊ नका, काही उपकरणं तिथे नीट बोलत नाहीत. चॅनल बदलला की सेलवाले बरेच सेन्सर परत जोडावे लागतात, तेव्हा हे एकदाच काय ते करा, दर रविवारी नको.

हबची झिगबी रेडिओवाली यूएसबी स्टिक थेट निळ्या (यूएसबी 3) पोर्टमध्ये खोचली असेल तर मात्र आज, आत्ता काढा. यूएसबी 3 मुळे 2.4 गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो हे इंटेलनेच 2012 साली पेपर काढून सांगितलंय. मीटरभराची एक्स्टेंशन वायर घ्या, स्टिक लांब न्या, एसएसडीपासून तर नक्कीच. शेदोनशे रुपयांची वायर आहे आणि लोक सेन्सरवर हजारो घालवतात. आणि हब टीव्हीमागे, फायबरच्या डबीला चिकटवून किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता समजा लास्ट सीन ताजा आहे, सेन्सर बोलतोय, पण चुकीचं बोलतोय. हे चुंबकाचं. आत रीड स्विच असतो, काचेच्या बारीक नळीत दोन पत्त्या, चुंबक जवळ आला की चिकटतात, 1936 साली बेल लॅब्समध्ये वॉल्टर एलवूडने काढलेली युक्ती, अजून तीच चाललीये. हिला लोखंड चालत नाही. बाहेरच्या ग्रिलच्या सेफ्टी डोअरवर चुंबक थेट चिकटवला की त्याचं क्षेत्र लोखंडच खेचून घेतं, दीड-दोन सेंटिमीटरवरून ओळखणारा सेन्सर मग दोन-चार मिलिमीटरवर येतो. मधे पाच-सहा मिलिमीटरचा लाकडाचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घाला, झालं. लाकडी दाराचं वेगळंच, पावसाळ्यात दार फुगतं, नीट बसत नाही, वरच्या कोपऱ्यात फट राहते आणि आपण कडी लावून निवांत. जूनमध्ये "आत्तापर्यंत चालत होता हो" म्हणून येणारे फोन याचेच. त्यात कोकणातल्या दमटपणात डबल साइड टेप सुटून डबी खाली घसरते ते वेगळं, तिथे सरळ छोटे स्क्रू मारा. शंका असेल तर दोन्ही तुकडे दारावरून काढून टेबलावर जवळ-लांब करून बघा, टेबलावर बरोबर चालला तर दोष दाराचा.

रात्री अडीचला सायरन वाजला आणि दार तर बंद होतं, असं असेल तर तो बहुतेक होम असिस्टंटमधल्या (घरातली सगळी उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) ऑटोमेशनचा घोळ. हब रीस्टार्ट झाला की सेन्सर आधी "उपलब्ध नाही" होतो आणि मग जी जुनी स्थिती असेल तिच्यावर येतो, नुसतं "उघडं झालं की वाजव" लिहिलं असेल तर तेवढ्यानेही वाजतो. "बंद वरून उघडं" असं दोन्ही बाजूंनी लिहा. आणि झिगबी२एमक्यूटीटीत उपलब्धता तपासणं चालू करा, सेलवाल्या उपकरणाला मेलं म्हणायला ते 25 तास थांबतं, दारासाठी हे फार होतं, तुमचा सेन्सर किती वेळाने बोलतो ते बघून त्याच्या दुपटीवर आणा. म्हणजे तो मेला की तुम्हाला कळेल, चोराच्या आधी.

इतकं करूनही मेन दारासाठी मी वायरलेसवर विसंबत नाही. आमच्या मेन दाराला वायरवाला साधा रीड कॉन्टॅक्ट आहे, दोन तारा सरळ हबजवळच्या सर्किट बोर्डापर्यंत (लाइटचा स्विचबोर्ड नव्हे), ना सेल ना चॅनल. फ्लॅटचं काम चालू असेल, भिंती फोडलेल्या असतील तर चौकटीपर्यंत एक पाइप टाकून घ्या, नंतर वायर ओढता येते. खिडक्या, बाल्कनी, फ्रीजचं दार, तिथे वायरलेस ठीक आहे.

आणि नवीन सेन्सर जोडताना हबशेजारी खुर्चीत बसून जोडू नका, जिथे लावायचाय त्या दाराशी उभं राहून, जवळच्या रिपीटरमधूनच जोडा, झिगबी२एमक्यूटीटीत "जोडणीला परवानगी" देताना कुठल्या उपकरणातून ते निवडता येतं.