लेखकाला युनियन कशाला?

लेखकाला युनियन कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी पटकथा लिहिते असं कळलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "लिहिणं तर एकट्याचं काम. त्यात युनियन कशाला? चांगलं लिहा, पैसे मिळतीलच."

माझ्या एका करारात वाक्य होतं, 'समाधानकारक ड्राफ्ट मिळाल्यावर दुसरा हप्ता.' समाधान कुणाचं, कितव्या ड्राफ्टनंतर, याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी सहा ड्राफ्ट दिले. तिसऱ्यात नायिकेची बहीण काढायला लावली, पाचव्यात तीच परत आणायला लावली. दर वेळी फोनवर एकच, "थोडंसंच राहिलंय." सात महिने गेले आणि हातात काय, तर साइनिंगची रक्कम. नाही म्हणायची सोय नव्हती. मी नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी हो म्हणणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून मी हॉलिवूडचा इतिहास इतक्या आस्थेनं वाचते. तिथे नोकरीत लिहिलेल्या पटकथेचा कायद्याच्या लेखी 'लेखक' स्टुडिओच असतो. कॉपीराइट त्यांचा. म्हणजे किमान मानधन, श्रेयनामावलीतलं नाव, पुनर्प्रसारणातला वाटा हे सगळं करारातूनच मिळवावं लागतं. आणि एकटीदुकटी लेखिका तो करार काय घासाघीस करून करणार? १९३३ साली मंदीचं कारण सांगून स्टुडिओंनी पगार निम्म्यावर आणायचं ठरवलं, त्याच वर्षी तिथले लेखक स्क्रीन रायटर्स गिल्ड या पटकथाकारांच्या युनियनमध्ये एकत्र आले. पहिला करार पदरात पडायला १९४२ उजाडलं. पेन्शन, आरोग्य विमा आणि टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांतला वाटा १९६०च्या संपानं मिळवून दिला. यातलं काहीही कुणी आपणहून दिलेलं नाही.

२०२३चा संप १४८ दिवस चालला. साडेअकरा हजारांच्या आसपास लेखकांनी लेखणी खाली ठेवली. स्ट्रीमिंगमुळे मालिकांचे भाग कमी झाले होते, कामाचे आठवडे आटले होते आणि पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या कामातून मिळणारा पैसाही रोडावला होता. संपानंतरच्या करारात एआयने लिहिलेल्या मजकुराला लेखनाचा दर्जा द्यायचा नाही, असं ठरलं. त्याची बातमी सगळीकडे झाली. मला मात्र दुसरंच एक कलम महत्त्वाचं वाटतं. किमान दराच्या दुपटीपर्यंत मानधन घेणाऱ्या पटकथाकाराला पहिल्या ड्राफ्टनंतर आणखी एका टप्प्याच्या, म्हणजे फेरलेखनाच्या, पैशांची हमी मिळाली. ज्यांना 'थोडंसंच राहिलंय' ऐकून फुकट लिहावं लागतं ते हेच लेखक. मोठ्या नावांना हे कलम लागतच नाही. तरीही तीही नावं फलक घेऊन उन्हात उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काही जण म्हणतात, किमान दर ठरला की सगळे एकाच मापानं मोजले जातात. तसं होत नाही. किमान दर म्हणजे तळ. त्याच्या वर कितीही मागायला कुणाची आडकाठी नसते.

सहाव्या ड्राफ्टनंतर मी ते काम सोडलं. माझ्यानंतर ज्याला बोलावलं तो लेखक वर्षभरानं भेटला. त्यानं चार ड्राफ्ट दिले होते, दुसरा हप्ता त्यालाही मिळाला नव्हता. त्यानं फोनमध्ये जपून ठेवलेला करार उघडून दाखवला. तेच वाक्य होतं, शब्दन्‌शब्द.