डच गावातलं जुनं घर घेताना आधी पाया तपासा

आम्स्टरडॅमच्या उत्तरेला, बसने अर्ध्या तासाच्या आत, ब्रुक इन वाटरलँड नावाचं गाव आहे. सतराव्या-अठराव्या शतकातली लाकडी घरं, राखाडी-हिरवट रंगाच्या फळ्या, मधोमध हाव्हनराक हे तळं. जहाजमालक आणि व्यापारी इथे राहायचे, आणि गावाच्या स्वच्छतेची ख्याती इतकी होती की १८११ मध्ये नेपोलियन हे गाव पाहायला आला होता. शनिवारी फिरायला जाणाऱ्या कोणालाही इथे घर घ्यावंसं वाटतं. ते घेताही येतं. पण पुण्यात किंवा आम्स्टरडॅमच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेण्यापेक्षा हा व्यवहार पुष्कळ वेगळा आहे, आणि चुका बहुतेक एकाच कारणाने होतात. लोक दर्शनी भाग पाहून बोली लावतात आणि जमिनीखाली काय आहे ते नंतर विचारतात.

म्हणून सुरुवात जमिनीपासून. वाटरलँडची माती म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींची मऊ, पाणी धरून ठेवणारी माती. तिला विटांच्या भिंतींचं ओझं पेलत नाही, म्हणून तर इथे हलकी लाकडी घरं बांधली गेली. पाया दोन प्रकारचा असतो: मातीवरच उथळ बसवलेला, किंवा खाली घट्ट वाळूच्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवरचा. खांब कायम पाण्याखाली राहिले तर शतकानुशतकं टिकतात. भूजल खाली गेलं आणि खांबांची डोकी उघडी पडली की हवा लागते, बुरशी धरते आणि लाकूड कुजू लागतं. पाइनचे खांब पाण्याखालीही जिवाणूंमुळे मऊ पडतात, फक्त जास्त हळू. भूजल खाली जाण्याची कारणं आसपासच असतात. शेतीसाठी कालव्यांतली पातळी कमी ठेवली जाते, जुनी गळकी गटारं आजूबाजूचं पाणी आत ओढून घेतात, मोठी झाडं उन्हाळ्यात पाणी शोषतात. कालव्यांची पातळी वाटरस्खाप, म्हणजे पाणी-मंडळ, ठरवतं. तुमच्या घराच्या भागासाठी ठरलेली पातळी त्यांच्याकडून समजते आणि ती विचारावीच.

घर पाहताना फरशीचा उतार, न लागणारी दारं आणि दारा-खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या भेगा बघा. नुसता उतार पाहून मात्र घाबरू नका. लाकडी सांगाडा वाकून जुळवून घेतो, दोनशे वर्षांपूर्वी खचलेलं घर आज अगदी स्थिर असू शकतं. खरा प्रश्न एकच: घर अजून खचतंय का? त्याचं उत्तर भिंतीत बसवलेल्या मोजणीच्या खुंट्यांवरून मिळतं, त्यांची अनेक वर्षांची नोंद मागा. विटांचं बांधकाम असेल तर विटांच्या आडव्या थरांची पातळी मोजून कुठला कोपरा किती खाली गेला ते काढतात. शंका राहिली तर पायाशी खड्डा खणून खांबांची डोकी उघडी करतात, लाकडाचे नमुने घेतात आणि भूजल मोजतात. नेहमीच्या बांधकाम-तपासणीत हे होत नाही. ती डोळ्यांनी दिसेल तेवढीच असते. अहवालात पायाबद्दल दोन ओळी असल्या, तर त्यांवर सगळा व्यवहार उभा करू नका. मूल्यांकनाच्या अहवालात पायाच्या जोखमीची श्रेणी असते, तीही वाचा. पाया नव्याने घालायचा झाला तर खर्च सहज एक लाख युरोच्या घरात जातो, आणि भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल तर त्याच्या संमतीशिवाय काम सुरूही करता येत नाही.

दुसरा प्रश्न संरक्षित वास्तूच्या दर्जाचा. देशात सुमारे ६३ हजार राइक्समोन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय संरक्षित वास्तू आहेत आणि त्यांत साधी राहती घरंही भरपूर आहेत. त्याखेरीज नगरपालिकेच्या यादीतल्या वास्तू वेगळ्या. आणि ब्रुकसारख्या गावाचा जुना भाग संरक्षित ग्रामदृश्य आहे, त्यामुळे यादीत नसलेल्या घरालाही बाहेरून बदल करताना बंधनं येतात. राष्ट्रीय वास्तूचं संरक्षण आतल्या भागालाही लागू असतं: जिना, फळ्यांचं छत, शेकोटी, टाइल्स, सगळ्याला. परवानगी ऑनलाइन अर्जाने मागायची असते. साध्या कामाला आठ आठवडे, पण मोठ्या बदलाला आमर्सफोर्टच्या राष्ट्रीय वारसा सेवेचा सल्ला लागतो आणि निर्णयाला सहा महिनेही जातात. सौर पटल, उष्णता-पंपाचं बाहेरचं यंत्र, दुहेरी काचा या सगळ्यांना हे लागू होऊ शकतं. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही पाडलं किंवा बसवलं असेल, तर नगरपालिका ते पूर्ववत करायला आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला सांगू शकते. म्हणून बोलीआधी घराच्या जुन्या परवानग्यांची फाइल मागवा. वाटरलँडच्या गावांचे जुने कागद पुर्मरेंडच्या वाटरलँड अभिलेखागारात असतात.

बंधनांबरोबर मदतही येते. राष्ट्रीय वास्तूत राहणाऱ्या मालकाला देखभालीच्या मान्य खर्चावर ३८ टक्के अनुदान मिळतं. काम आधी करायचं, बिलं जपायची आणि पुढच्या वर्षी १ मार्च ते ३० एप्रिल या काळात अर्ज करायचा. नवं स्वयंपाकघर त्यात बसत नाही. छत, खिडक्यांच्या चौकटी, बाहेरचा रंग बसतो, म्हणून कंत्राटदाराकडून प्रत्येक कामाचा आकडा वेगळा लिहून घ्या. मोठ्या दुरुस्तीसाठी राष्ट्रीय पुनरुज्जीवन निधीचं कमी व्याजाचं कर्ज आहे. नगरपालिकेच्या यादीतल्या घराला हे ३८ टक्के नाहीत, हा फरक खरेदीच्या हिशेबात धरा.

लाकडी घराचा शत्रू पाऊस नाही, अडकलेली ओल आहे. फळ्यांची खालची टोकं, उंबरा आणि खिडकीखालची पट्टी टोकदार वस्तूने हलकेच दाबून पाहा. मऊ लागलं तर रंगाखाली लाकूड गेलेलं आहे. उबेसाठी कोणी आतून घाईने इन्सुलेशन बसवलं असेल तर घरातली वाफ थंड फळ्यांवर जाऊन पाणी होते आणि सांगाडा आतून कुजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. या कामाला साधा तपासनीस नको, जुन्या वास्तूंची सवय असलेला माणूस हवा. १९७३ पासून काम करणारी मोन्युमेंटनवाख्त ही संस्था नेमकं हेच करते. तिची माणसं छतावर चढतात आणि कौलांखाली शिरून पाहतात. १९६० पूर्वीच्या घरात शिशाचे पाण्याचे नळ आणि १९९४ पूर्वीच्या बांधकामात किंवा दुरुस्तीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, हेही विचारा.

आता कागद. कडास्टर म्हणजे आपल्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यासारखी नोंद. त्यात बोजा, सीमा आणि संरक्षणाची नोंद दिसते. जुन्या खरेदीखतांत वहिवाटीचे हक्क असतात: शेजाऱ्याला तुमच्या बागेतून कचऱ्याचा डबा नेण्याचा, शिडी लावण्याचा, त्याच्या छताचं पाणी तुमच्या जागेत पडण्याचा. मागे चर असेल तर बहुधा अर्धा तुमच्या मालकीचा. तो दरवर्षी शरद ऋतूत साफ करणं तुमचं काम, आणि वाटरस्खाप तपासायला येतं. काठाच्या लाकडी फळ्या कुजल्या असतील तर तो खर्चही तुमचाच. दुर्गरडॅम किंवा रान्सडॉर्पला घर पाहत असाल तर ती गावं १९२१ पासून आम्स्टरडॅममध्ये आहेत, तिथे जमीन भाडेपट्ट्याची आहे का ते आधी पाहा. दुर्गरडॅमची घरं थेट बांधाला लागून आहेत, तिथे खणायलाही वाटरस्खापची परवानगी लागते.

जुन्या घराच्या साठेखतात हमखास वयाचं कलम असतं. घर इतकं जुनं आहे, नव्याइतकी अपेक्षा ठेवू नका, असा त्याचा आशय. सही केली की नंतर निघालेल्या बऱ्याच दोषांची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येत नाही. हे कलम सहसा काढलं जात नाही, म्हणून त्याचं उत्तर तपासणीच्या अटीत शोधा. दुरुस्तीचा खर्च अमुक रकमेपुढे गेला तर व्यवहार रद्द, असं साठेखतात लिहून घ्या. बोलीच्या चढाओढीत ही अट सोडून द्यायचा मोह होतो. कर्ज न मिळाल्यास व्यवहार रद्द, या अटीबाबत तुम्ही तो धोका पत्करू शकाल, पीटवरच्या जुन्या घरात तपासणीची अट सोडू नये असं आमचं ठाम मत आहे. बोलीआधीच तपासणी करून घेतली तर उत्तम.

सही झालेली प्रत हातात आल्यावर तीन दिवस विचाराचे, त्यात किमान दोन दिवस सुट्टीचे नसलेले. त्या काळात कारण न देता माघार घेता येते. मग दहा टक्के इसार किंवा बँकेची हमी. अटींची मुदत संपल्यावर मागे फिरलात तर तेच दहा टक्के जातात. कर्ज घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त १०० टक्के मिळतं, त्यामुळे वरचा खर्च खिशातून: २ टक्के हस्तांतर कर, नोटारिस (खरेदीखत करणारा नोटरी), मूल्यांकन, कर्ज-सल्लागार, आपला दलाल. सहा लाखांच्या घराला २४ ते ३० हजार युरो धरून चला. पस्तिशीच्या आतल्यांना हस्तांतर करात एकदाच सूट आहे, पण किमतीच्या मर्यादेपर्यंतच. २०२५ मध्ये ती ५,२५,००० युरो होती, आणि किंमत एका युरोने वर गेली तरी पूर्ण रकमेवर २ टक्के. विमा कंपनीलाही आधीच विचारा. लाकडी घर किंवा गवताचं छप्पर सगळ्याच कंपन्या घेत नाहीत.

भारतातून पैसे आणायचे असतील तर ते काम घर शोधतानाच सुरू करा. आईवडील उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकतात. ठरलेल्या मर्यादेपुढे त्यांच्याकडून आगाऊ कर कापला जातो, तो त्यांच्या विवरणपत्रात वळता होतो. पुण्यातला फ्लॅट विकून आलेली रक्कम एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या खात्यातून) बाहेर काढायला सीएचं प्रमाणपत्र लागतं. इकडे कर्ज देणारी बँक आणि नोटारिस दोघंही पैशाचा उगम विचारतात, म्हणून बक्षीसपत्र, विक्रीखत आणि खाते-उतारे इंग्रजीत तयार ठेवा. डच येत नसेल तर नोटारिस सहीच्या वेळी दुभाषा मागतो. त्याच दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी असते, तेव्हा तळघरातलं पाणी आणि मीटरचे आकडे बघून मगच सहीला बसा.