कर्णधार मधल्या पाटीत बसते

खो-खोच्या संघाची कर्णधार कोण, हा विषय आमच्या हायस्कूलमध्ये दरवर्षी शाळा सुरू झाली की निघतो. स्टाफरूममध्ये उत्तर तयारच असतं: जी सगळ्यात जोरात पळते ती. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात क्रीडाशिक्षिका आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. कर्णधार मुलींनीच निवडावी, आणि एकदा निवडली की तिच्या हातात खरं काम द्यावं. नुसतं नाणेफेकीला पुढे करायचं आणि ढाल घ्यायला स्टेजवर पाठवायचं, एवढ्यावर कुणी कर्णधार होत नाही.

गेल्या वर्षी मुलींनी जिला निवडलं ती दहावीतली, पळण्यात बेताचीच, चौथ्या चौकात बसणारी. हीच का, असं विचारल्यावर आठवीतली एक चिमुरडी पटकन म्हणाली, "मॅडम, ताईचा खो कधी चुकत नाही."

ज्यांनी खो-खो फक्त लांबून पाहिलाय त्यांना यात काय मोठंसं, असं वाटेल. पण हा खेळच असा बांधलाय की एकटीच्या पायांवर तो जिंकता येत नाही. आठ जणी मधल्या पाटीत, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या पट्ट्यातल्या आठ चौकांत, बसतात, शेजारशेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध बाजूंना. नववी उभी. तिने एकदा दिशा घेतली की पाटीच्या टोकाच्या खांबापर्यंत, म्हणजे खुंटापर्यंत, मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. दोघींच्या मधून ती हवी तेव्हा पलीकडे निसटते. म्हणून खो द्यायचा, म्हणजे पाठलाग बसलेलीच्या हवाली करून आपण तिच्या जागी बसायचं. मागून, पाठीला हात लावून, मोठ्याने. हात आणि आवाज एकदम. बसलेलीने त्याआधी जागा सोडली की पंचांची शिट्टी. फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्या आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं, आणि तेवढ्यात पळणारी सुटते. कुणी कधी उठायचं आणि आपण कधी थांबून बसायचं, हे जिला कळतं तिच्यावर मुलींचा विश्वास बसतो.

संघात एक फार वेगवान मुलगी होती. हातातला पाठलाग सोडायला तिला जिवावर यायचं. समोरची हूल देऊन पलीकडे गेली तरी ही आपली धावतेच आहे, आणि बसलेल्या मुली ओरडताहेत, "खो दे, खो दे!" सरावानंतर मुलींमध्ये धुसफूस सुरू झाली. मी काही बोलणार तेवढ्यात कर्णधार माझ्याकडे आली. "मॅडम, तिला खुंटाजवळ बसवू या. तिथून उठली की पुढे खो द्यायला कुणी नसतंच. सरळ खुंटावर सूर मारायचा."

किती नेमकं! त्या मुलीला कुणी रागावलं नाही, कुणी बाहेर बसवलं नाही. ज्या सवयीचा संघाला त्रास होत होता, तीच शेवटच्या चौकात कामाला आली. दुसऱ्या दिवसापासून ती खुंटात गडी टिपू लागली आणि ओरडणाऱ्या मुलीच टाळ्या वाजवू लागल्या. नेतृत्वावरच्या प्रशिक्षणांना मी बसलेय, पण इतकी साधी आणि इतकी उपयोगी गोष्ट तिथे ऐकल्याचं आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. पाळी आलीय, आज सूर मारायला नको, हे मुली मला सांगतात, पण आधी तिला सांगायच्या. ती कारण न सांगता जागा बदलून टाकायची. कुणाच्या घरी सकाळच्या सरावावरून कटकट होते, कोण उपाशीपोटी येते, तिला सगळं ठाऊक. राखीव मुलींपैकी एकीकडे घड्याळ, दुसरीकडे फाऊलची वही, असंही तिनेच ठरवलं. सामन्यात न उतरणारी मुलगीसुद्धा त्यामुळे सामन्यातच असायची.

तालुक्याच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावानंतर आम्ही मागे होतो. ती मैदानाकडेला उकिडवी बसली आणि बोटाने मातीत तीन-तीन रेघा ओढून पळायला उतरणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकड्या पुन्हा लावू लागली. ती आठवीतली चिमुरडी पहिल्या तुकडीत जाऊन लगेच बाद झाली होती. मला वाटलं, हिला आता शेवटी टाकेल. तिने स्वतःच्याच तुकडीत घेतलं. "ती घाबरली की खाली बघते मॅडम. मी सोबत असले की आवाज देईन." आणि खरंच, त्या डावात मैदानभर एकच आवाज: "डावीकडे! मागे बघ! आत ये!" पोरगी हूल देत, एकेरी साखळी काढत, म्हणजे बसलेल्या एकेकीला वळसा घालत, पळत राहिली. तालुका जिंकलो. जिल्ह्याला उपान्त्य फेरीत हरलो, पण त्या सामन्यातही तुकड्या तिनेच लावल्या होत्या आणि मी एकही नाव बदललं नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या मुलींना कर्णधार म्हणजे काय हे लांब शोधावं लागत नाही. धाराशिवच्या सारिका काळेंनी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं, 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. या खेळाडूंचे व्हिडिओ मुली पुन्हा पुन्हा थांबवून बघतात. कोण उठली, कोण बसली, खो कधी दिला.

यंदा ती शाळेतून गेली. नवी निवड शनिवारी परिपाठानंतर आहे. क्रीडाशिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे तुकड्यांची यादी कोण लिहितं, हे मला जरूर कळवा. आमच्याकडे ती वही यंदाही मुलींकडेच राहणार आहे.