अध्यक्षपदाचे वर्ष आणि नैरोबीचा निधी

घरबांधणीच्या व्यवसायातील आमच्या सोलापूरच्या संस्थेचे अध्यक्षपद एका वर्षाचे असते आणि ते ज्येष्ठतेनुसार चालत येते, त्यामुळे ते मिळाल्याचा अभिमान बाळगण्याचे मला फारसे कारण नव्हते. वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, मूल्यांकनकार आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांचे काही जुने सचिव असे आमचे सभासद आहेत. दोन-चार व्याख्याने, अभियंता दिन आणि वार्षिक सभा एवढे पार पडले की अध्यक्षाचे वर्ष सरते. मी मात्र पहिल्याच बैठकीत केनियातील नैरोबी शहराच्या मुकुरु भागातील झोपडपट्टीत काम करणाऱ्या बचतगटांसाठी निधी जमवण्याचा विषय मांडला, आणि पुढचे अकरा महिने त्याच विषयाची उत्तरे देण्यात गेले.

ही कल्पना माझी नव्हती. ब्रिटनमध्ये गृहनिर्माण व्यवस्थापनातील व्यावसायिकांची ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाउसिंग’ ही संस्था आहे. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी १८६५ मध्ये लंडनच्या मॅरिलेबोन भागातील मोडकळीस आलेली घरे चालवायला घेतली, भाडे वसूल करता करता भाडेकरूंची विचारपूस आणि घरांची दुरुस्ती यांची एक शिस्त घालून दिली, आणि त्या शिस्तीत तयार झालेल्या स्त्रियांनी १९१६ मध्ये आपली संघटना काढली. पुढे १९६५ मध्ये ती दुसऱ्या एका व्यावसायिक संस्थेत विलीन झाली आणि १९८४ मध्ये त्या संस्थेला, म्हणजे आजच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूटला, राजसनद मिळाली. तिथेही अध्यक्षपद वर्षभराचेच असते आणि अध्यक्ष आपल्या वर्षासाठी एखादे सेवाकार्य निवडून त्यासाठी निधी जमवतो. त्या देशातील गृहसंस्थांचा, म्हणजे परवडणाऱ्या भाड्याची घरे चालवणाऱ्या ना-नफा संस्थांचा, पैसा परदेशातील झोपडपट्ट्यांपर्यंतही पोहोचला आहे, आणि त्यातला काही आपल्या मुंबईत आला होता.

तो ज्या रीतीने आला, ती आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. सरकारी अनुदान असो की महापालिकेचे बिल, पैसा काम झाल्यावर मिळतो. जोते झाले की एक हप्ता, छत पडले की दुसरा. ठेकेदाराकडे भांडवल असते, म्हणून तो हे अंतर सहन करतो. झोपडपट्टीतील रहिवाशांची संस्था स्वतःच बांधकाम करू म्हणाली, तर पहिल्या जोत्याचा पैसा तिने आणायचा कुठून? तारण नसल्यामुळे बँक तिला दारात उभी करत नाही. कॉव्हेंट्री येथील ‘होमलेस इंटरनॅशनल’ या संस्थेने ब्रिटनमधील गृहसंस्थांकडून ठेवी घेऊन अशा संस्थांच्या बँककर्जाला हमी देणारा निधी उभारला, आणि २००२ पासून ‘क्लिफ’ नावाच्या योजनेतून थेट बांधकामासाठी फिरते भांडवल दिले. धारावीतील आणि ओशिवऱ्यातील इमारती, तसेच मुंबईच्या वस्त्यांमधील सार्वजनिक शौचालये यांना या भांडवलाचा आधार मिळाला. पुढे अनुदान आले की भांडवल मोकळे होते आणि दुसऱ्या कामाला लागते. याला दान म्हणणे मला जड जाते. आमच्या भाषेत ही उचल आहे, फक्त ती ठेकेदाराऐवजी रहिवाशांच्या हातात पडते.

हे सर्व मी बैठकीत जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यानंतर आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, “साहेब, आपल्या सोलापुरात वस्त्या कमी पडल्या का?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे केनियाच्या नळांची काळजी करणे हास्यास्पद वाटू शकते. शिवाय झोपडीतल्या माणसाला पक्के घर मिळवून देण्याचा अनुभव सोलापूरपेक्षा जास्त कोणाकडे असणार? कामगार नेते आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. साठ हजारांचे घर होते. त्यात केंद्राचे वीस, राज्याचे वीस आणि घर घेणाऱ्या बाईचे स्वतःचे वीस हजार. नंतरच्या रे नगर प्रकल्पात तीस हजार घरांचे नियोजन झाले आणि त्यांतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली.

माझे उत्तर याच उदाहरणात होते, कारण रहिवाशांनी आपला पैसा घालून घर उभे करणे आपल्याला परके नाही, पण ते मला त्या दिवशी नीट देता आले नाही. मुकुरुची वस्ती औद्योगिक पट्ट्यालगत आणि बहुतांशी खासगी मालकीच्या जमिनीवर आहे. तिथली कुटुंबे पाण्यासाठी आणि विजेसाठी शहरातील सुस्थित भागांपेक्षा जास्त दर मोजतात, हे टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या सोलापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये नैरोबीच्या प्रशासनाने हा भाग विशेष नियोजन क्षेत्र म्हणून जाहीर केला, आणि त्यामागे रहिवाशांच्या ‘मुउंगानो’ या महासंघाने घरोघर जाऊन केलेली गणना होती. ही गणनेची आणि रोजच्या बचतीची पद्धत त्यांच्याकडे भारतातून गेली. १९८५ मध्ये भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी झाली, त्यातून ‘महिला मिलन’ उभी राहिली, आणि जोकिन अर्पुतम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांमुळे ती रीत आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग केनियात पोहोचली. म्हणजे पैसा ब्रिटनमधून इकडे आला आणि रीत इकडून आफ्रिकेत गेली. आपल्याकडून आजवर पैसा तेवढा गेला नव्हता.

ठराव झाला, पण संस्थेच्या खात्यातून एक रुपयाही पाठवता आला नाही. आमच्या सनदी लेखापालांनी पहिल्याच दिवशी सांगितले की, धर्मादाय न्यासाने उत्पन्न भारताबाहेर खर्च केले तर विशेष मंजुरीवाचून त्यावर करसवलत मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक सभासदाने वैयक्तिकरीत्या, व्यक्तीला परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून रक्कम पाठवावी असे ठरले. योजना कायद्याला धरून होती, पण ज्या बँकेच्या शाखेत आम्ही गेलो तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज तीन वेळा परत केला, कारण ‘देणगी’ हा उद्देश त्यांनी याआधी कधी पाहिला नव्हता. मुलांच्या परदेशातील फीचे अर्ज मात्र त्यांना तोंडपाठ होते.

निधी जमवण्याच्या पद्धतीतही मी एक चूक केली. ब्रिटनमध्ये प्रायोजित पदयात्रा काढतात. चालणाऱ्याला ओळखीचे लोक प्रत्येक मैलामागे पैसे देतात. मी सोलापूर ते मोहोळ अशी पदयात्रा सुचवली, तेव्हा खजिनदार म्हणाले, “इथून लोक पंढरपूरपर्यंत चालत जातात, त्यांना कोणी पैसे देत नाही. आणि आपण मोहोळला जाऊन मागायचे?” पदयात्रा रद्द झाली. शेवटी एका यंत्रमागधारक मित्राने जेकार्डच्या चादरी उत्पादनखर्चात दिल्या आणि त्या विकून येणारा फरक आम्ही आमच्या रकमांत घातला. जमलेला पैसा एका मध्यम बंगल्याच्या जोत्याइतकाही नव्हता.

त्या ज्येष्ठ सभासदांनी चादर घेतली नाही. त्यांनी माझ्याकडे नैरोबीच्याच हुरुमा भागातील कांबी मोटो वस्तीचे नकाशे मागितले. तिथे घरटी जागा जेमतेम वीस चौरस मीटर असल्यामुळे आधी तळमजला बांधून कुटुंबाने राहायला जायचे, आणि बचत होईल तसे वरचे मजले चढवायचे अशी रचना आहे. त्यांनी आठवडाभर ते नकाशे ठेवून घेतले आणि परत करताना जिन्याच्या जागेवर पेन्सिलीने एक खूण केली. जिना पहिल्या दिवशी पूर्ण बांधला नाही तर वरचा मजला कधीच होत नाही, असा त्यांचा अनुभव होता, आणि ती खूण तशीच नैरोबीला कळवावी असे त्यांनी सुचवले.

वर्ष संपण्याच्या सुमारास मी कुंभारीला गेलो. दारात बसून विड्या वळणाऱ्या एका बाईंना मी नैरोबीच्या बचतगटांविषयी सांगितले. सुपातली पाने कात्रीने कापत त्यांनी ऐकून घेतले आणि तिथल्या बायका पैसे किती दिवसांनी भरतात ते विचारले. रोज भरतात, असे मी सांगितले.

“रोजचंच बरं,” त्या म्हणाल्या. “आमचा महिन्याचा होता. महिन्याचा हप्ता म्हटलं की मधे कुणीतरी आजारी पडतंच.”