सकाळीच अडकणारं मशीन

अण्णांनी त्यांचा कॉम्प्युटर दाखवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘सकाळी सकाळी अडकतंय बघ. एकदा अकरा वाजले की दिवसभर काही त्रास नाही.’ मी हो हो म्हणत रॅम काढली, पट्टीवर खोडरबर फिरवला, परत बसवली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी फोन आला, तसा जाऊन एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलला. त्याचे पैसेही घेतले. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. डिसेंबर, लग्नसराई, आणि अण्णांचं सगळं काम लग्नपत्रिकांचं.

मशीन जुनं. एलजीए 775 सॉकेटचा जी31 मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ, 2 जीबी डीडीआर2, विंडोज एक्सपी. अडकलं की स्क्रीन जशीच्या तशी, माउस जागेवर. अशा वेळी मी आधी कॅप्स लॉक दाबतो. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे, एखादा प्रोग्राम रुतलाय. दिवा ढिम्म असेल तर बहुतेक वेळा हार्डवेअर किंवा ड्रायव्हर. इथे दिवा ढिम्म.

मशीन उचलून दुकानात आणलं तर एकदाही अडकलं नाही. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचे चार पास स्वच्छ, हार्ड डिस्क स्वच्छ, 12 व्होल्टची लाइन मल्टिमीटरवर 11.9. दोन दिवस मी दुपारी चालू करायचो आणि रात्री बंद करायचो. तिकडे अण्णांच्या दारात पत्रिकेवाले उभे. तिसऱ्या दिवशी साडेसातलाच शटर उघडलं. हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. दहाव्या मिनिटाला अडकलं. म्हणजे डिस्क संशयातून सुटली, विंडोजही सुटलं. आणि अण्णांचं वाक्य आठवलं.

फॅन काढून बॅटरी मारली. सॉकेटच्या कडेला पाच कपॅसिटर. त्यांचं डोकं नाण्यासारखं सपाट असायला हवं. तिघांचं फुगलं होतं, आणि एकाच्या फुलीसारख्या खाचेत तपकिरी खरपुडी जमलेली. हे कपॅसिटर प्रोसेसरच्या व्होल्टेजची थरथर शोषून घेतात. आतलं द्रव बिघडलं की अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. मशीन तापलं की तोच कपॅसिटर कसंबसं निभावून नेतो. म्हणून अकरानंतर त्रास नाही. जास्त तापून अडकणारं मशीन दुपारी अडकतं, सकाळी नाही. निदान अण्णांनी केलंच होतं, फक्त कपॅसिटर हा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

बोर्ड बदलायचं ठरलं. पुण्याहून त्यांचा मुलगा फोनवर सांगत होता, नवीन मशीन घेऊन टाका. सांगणं सोपं आहे. अण्णांच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला 25 पिनांचं डोंगल लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणारी किल्ली, जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमध्ये बसणारी. ते नसलं तर वीस वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, उघडल्या तरी दुरुस्त करता येत नाहीत. दुकानातल्या एका नव्या मशीनवर पॅरलल पोर्टचं कार्ड लावून पाहिलं. डोंगल सापडेना. ते सॉफ्टवेअर 378 या ठरलेल्या पत्त्यावरच डोंगल शोधतं, आणि कार्डाला मिळालेला पत्ता वेगळा. ज्यांनी ही कुलपं बनवली त्यांनी गिऱ्हाइकाच्या म्हातारपणाचा विचारच केला नाही, असं मला अजून वाटतं.

मग शोध एकाच गोष्टीचा: मागे पॅरलल पोर्ट असलेला, जुना प्रोसेसर आणि तीच रॅम घेणारा बोर्ड. त्याच सॉकेटचे जी41 बोर्ड बरेच मिळतात, पण त्यात डीडीआर2 वाले आणि डीडीआर3 वाले असे दोन्ही निघाले, आणि व्यापारी फोनवर नुसतं ‘जी41 आहे’ म्हणतात. प्रत्येकाकडून मी स्लॉटचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागवला. चौथ्या ठिकाणी हवा तसा वापरलेला बोर्ड 1800 रुपयांना मिळाला. बसवताना बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, हार्ड डिस्कची साटा जोडणी जुन्या आयडीई मोडवर ठेवली, नाहीतर ती एक्सपी निळ्या पडद्यापुढे जात नाही. आधी विंडोज रिपेअर, मग डोंगल, आणि अण्णांनी पहिली फाइल उघडली. गणपतीखालची ओळ नीट उमटलेली पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

जुना बोर्ड माझ्याकडेच राहिला. जानेवारीत एका रविवारी त्याचे कपॅसिटर काढायला बसलो. आधी धजावलो नव्हतो, कारण बोर्डाच्या आतला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, 25 वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने कथील वितळतच नाही आणि जोर लावला तर भोकातली रिंगच उपटून येते. 60 वॅटची इस्त्री घेतली, जुन्या सांध्यावर ताजं कथील चढवलं, तसे पाचही अलगद सुटले. 6.3 व्होल्ट, 1500 मायक्रोफॅरॅडचे, 105 डिग्रीपर्यंत तापमान सोसणारे, कमी रोधाचे नवे बसवले. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडचे साधे 85 डिग्रीचे चालत नाहीत. खर्च साठ रुपये. गारठ्याच्या सलग पाच सकाळी तो बोर्ड चालवला. एकदाही अडकला नाही.

अण्णांना जाऊन सगळं सांगितलं. एसएमपीएसचे पैसे परत केले. बोर्डाचे 1800 त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले, ‘त्या आठवड्यात मला मशीन हवं होतं, ते मिळालं.’ दुरुस्त केलेला बोर्ड पिशवीत घालून त्यांच्या कपाटात ठेवून आलोय. दुसरं डोंगल मात्र कुठेच मिळालेलं नाही.