खाडे

रंग गणपतीआधी हवा, म्हणून सुनेनं माळा रिकामा करायला काढला. नातू वर चढला, मी खाली घेणारा. फुटका स्टोव्ह, पाट्याशिवायचा वरवंटा, कुणाच्या तरी मुंजीतली पत्र्याची ट्रंक आणि परकराच्या नाडीनं करकचून बांधलेली कागदांची जाड गुंडाळी. नाडीवरूनच कळलं कुणाची ते. गाठ मारायची तर हिनंच. सुटली नाही, कापावी लागली.

आत जुनी कॅलेंडरं. सगळी कालनिर्णय. ते निघालं १९७३ साली, आमचं लग्न १९७६ चं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ते नाही असा संसार आम्ही केलेलाच नाही. मागच्या पाककृतींसाठी ठेवते, असं ही म्हणायची. त्यातली एकही तिनं केल्याचं मला आठवत नाही. खरा उपयोग जूनमध्ये व्हायचा, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला. म्हणून मुलं शाळेत होती त्या वर्षांचे महिने गायब आहेत. १९८९ चा तर मार्च तेवढा उरलाय, बाकी सगळा इतिहास-भूगोलावर गेला.

तारखांच्या चौकोनांत हिचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. ‘दूध दीड’. ‘दळण’. ‘इस्त्री १४’. ‘पेपर खाडा’. ‘बाई खाडा’. ‘बाई अर्धा दिवस’. अर्ध्या दिवसाचे पैसे तिनं कधी कापले नाहीत, पण लिहून ठेवल्याशिवाय राहवायचं नाही. नवा सिलिंडर जोडला की ‘गॅस लावला’. मेमध्ये माझ्या बहिणी मुलाबाळांसह राहायला आल्या की १४.२ किलोचा सिलिंडर भराभर संपायचा. ही तोंडानं काही बोलायची नाही. ‘गॅस लावला’च्या खाली दोन रेघा मारायची.

रेघांवरून आठवलं. चिपळूणजवळच्या आमच्या घरी कॅलेंडर नव्हतं, पंचांग होतं, आणि ते आजोबांच्या ताब्यात. आईचा हिशेब भिंतीवर. गवळीण सकाळी दूध घालून गेली की आई चुलीतला कोळसा घेऊन दारामागे एक उभी रेघ ओढायची. अर्धा शेर जास्त घेतलं तर रेघेला शेपूट. गवळणीला लिहिता येत नव्हतं, पण महिनाअखेरीला ती त्या रेघांवरून बोट फिरवत मोजायची आणि एखादी रेघ कमी वाटली तर आईकडे नुसतं बघायची. गणपतीआधी भिंतीला चुना लागायचा, म्हणून सगळा हिशेब श्रावण संपायच्या आत पुरा व्हायचा. तरी पुढच्या पावसात भिंतीला ओल आली की चुन्याखालून रेघा पुन्हा वर यायच्या. चुकत्या झालेल्या दुधाच्या रेघा! आजी म्हणायची, बघा, देणं फिटलं तरी दिसतंच. आजीची बरीच वाक्यं अशी होती, ऐकून जेवण जायचं नाही.

तर, कॅलेंडरं. २००५ चा जुलै मी मुद्दाम शोधला. त्या २६ तारखेला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, फोन बंद. मी फोर्टातल्या ऑफिसात टेबलावर रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी काही चालत, काही एका टेम्पोच्या मागे उभा राहून, रात्री डोंबिवलीला पोचलो. दार उघडल्यावर हिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं होतं. चपला नव्हत्या. आता त्या चौकोनांत काय लिहिलं असेल याची मला उत्सुकता होती. २६ ला काहीच नाही. २७ ला लिहिलंय, ‘दूध नाही. हे आले.’ एका ओळीत दोन्ही. त्यातही दूध आधी.

२००४ ला अधिक श्रावण होता. तिथं ‘अनारसे ३३ + ६’. तेहेतीस जावयाचे. सहा कुणाचे हे मी कुणाला विचारलं नाही. मला ठाऊक आहेत ते, जाळी पडलेले होते.

एक खूण मात्र कळेना. दर महिन्याला एका तारखेच्या कोपऱ्यात छोटं वर्तुळ, आत टिंब. कुठे २८ दिवसांनी, कुठे ३० दिवसांनी. लेक नाशिकहून आली होती, तिला म्हटलं, हे भिशीचं दिसतंय, पण तारीख का बदलते? तिनं पान हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, ‘बाबा, भिशीचं नाहीये ते,’ आणि चहा टाकायला आत गेली. मला प्रकाश पडायला चहा येईपर्यंतचा वेळ लागला. मग चाळतच बसलो. १९७८ च्या एप्रिलपासून वर्तुळ नाही, डिसेंबरात लेक झाली. १९८३ मध्ये तसंच, मुलाच्या वेळी. १९८१ मध्ये दोन महिने नाही आणि मग पुन्हा आहे. त्याबद्दल आम्ही दोघं आयुष्यात एकदाच बोललो होतो, तेही दिवा मालवल्यावर. ते पान मी गुंडाळीत खाली घातलं.

दरवर्षी भाद्रपद वद्य नवमीच्या चौकोनात छापलेलं असतं, ‘अविधवा नवमी’. माझी आई वडिलांच्या आधी गेली, त्यामुळे सासूच्या नावानं ही नवमी करायची. छापलेल्या अक्षरांखाली हिची यादी: सवाष्ण कोण, खण, नारळ, अळूची भाजी. ही स्वतःही सवाष्ण म्हणून सोसायटीत लोकप्रिय. खाण्यात नखरे नाहीत आणि वाढणाऱ्या बाईला दोन चांगले शब्द बोलून येणार. तीन घरांतून बोलावणं आलं तर एकीकडे जेवायची, बाकी दोघींना पुढच्या वर्षीचा वायदा. मिळालेले खण तिनं कधी शिवले नाहीत, ते चैत्रात दुसऱ्यांच्या ओटीत गेले. आमच्या इमारतीत काही खण दहा-दहा वर्षं असेच फिरत असणार.

वडील गेले आणि आईची नवमी थांबली. आमच्याकडे तशीच रीत आहे, नवरा आहे तोवर नवमी. मग बाईचं वेगळं पान नाही.

हिचं वर्षश्राद्ध फाल्गुनात झालं, तेव्हा यंदाची नवमी पहिली. संध्याकाळी सून वही घेऊन बसली. ‘बाबा, सवाष्ण कुणाला सांगू या?’ ही जिच्याकडे वायदे करून जायची राहिली होती त्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव मी सांगितलं. अळूत शेंगदाणे की चणाडाळ, दोन्ही. खण नवा आण म्हटलं, फिरता नको. तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, ‘हे आता दरवर्षी करायचं ना?’

‘मी आहे तोवर,’ म्हटलं.

तिचं पेन थांबलं. मग तिनं रंगाची शेड विचारली.

शुगरवाल्या डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. गुडघे दुखतात, डोंबिवलीत चालायला जागा कुठे आहे, रिक्षावाले अंगावर येतात, ही माझी उत्तरं ठरलेली असायची. हल्ली जातो.